पाटल्या सोडवल्या त्याची गोष्ट

पाटल्या आईने माझ्या लग्नात मला घातलेल्या. धाकट्या मुलीच्या आजारपणात त्या पालघरच्या एका सोनाराकडे गहाण गेल्या, महिना शेकडा तीन रुपये व्याजाने. दिवाळीपर्यंत सोडवल्या नाहीत तर तो त्या मोडणार, असं चिठ्ठीवरच लिहिलेलं. माझा जीव त्या चिठ्ठीत अडकला होता.

आम्ही तेव्हा सालवडला राहायचो. हे तारापूरच्या एका कारखान्यात फिटर. एक दिवस हे बोईसर बाजारातून हुरळून आले. एक नवी पेढी पहिले तीन महिने बिनव्याजी पैसे देतेय म्हणे! तिथून उचलायचे आणि सोनाराचे फेडायचे.

"आणि चौथ्या महिन्यापासून?" मी विचारलं.

ते ह्यांनी विचारलंच नव्हतं. मग मीच गेले. चौथ्या महिन्यापासून शेकडा चार, वर फाइलीचा खर्च आधीच कापून घेणार. बिनव्याजी कसलं डोंबलाचं! आगीतून फुफाट्यात जायची तयारी.

कारखान्याच्या पतपेढीत शेकडा एकच रुपया होता. पण दोन जामीनदार हवेत, तेही सभासदच. एक ह्यांचा मित्र तयार झाला. दुसरा काही मिळेना. जामीन म्हटलं की माणसं अर्धा चहा टाकून उठायची. शेवटी कँटीनमध्ये स्वयंपाक करणारे शिरगावचे काका म्हणाले, "मी हाय ना. करतो सही. पन पैसे मिलतील त्या दिवशी मी तुमच्यासंगं येनार."

मला रागच आला. आम्ही काय पळून जाणार होतो?

पैसे मिळाले त्या दिवशी आम्ही तिघं एसटी पकडायला निघालो. वाटेत टीव्हीचं दुकान लागलं आणि ह्यांची चाल मंदावली. "निम्मे सोनाराला देऊ," हे म्हणाले, "बाकीचं व्याज काय, भरू हळूहळू." मी तोंड उघडायच्या आत काकांनी ह्यांचं कोपर धरलं आणि थेट एसटीत चढवलं.

पाटल्या मी सोनाराच्या दुकानातच हातात चढवल्या. रडू आवरलं नाही. काका बाहेर पायरीवर बसले होते. म्हणाले, "मी पन असेच पैसे उचललेले, बायकोची नथ सोडवायला. वाटेत सायकल घेतली. सायकल आजून चालते. नथ गेली ती गेलीच."

माझ्या रागाची मलाच लाज वाटली.

पुढे दोन वर्षं ह्यांच्या पगारातून हप्ता कापला गेला आणि कर्ज फिटलं. त्याच महिन्यात काकांनी पतपेढीत अर्ज केला, नव्या नथीसाठी. जामीनदाराची पहिली सही ह्यांची. पैसे मिळायच्या दिवशी मी ह्यांना बजावून काकांबरोबर धाडलं, "त्यांची सायकल जुनी झालीय. दुकानावरून जाताना कोपर सोडू नका."