मुंग्यांतला माणूस

जुन्या कॅसेटमधला कोणता तुकडा खराब, हे ठरवायचा हक्क कुणाचा? परवा कपाटातून कॅसेटचा कुबट वास आला आणि नसरापूरचं ते दुकान आठवलं. वेल्ह्याची माझी चुलती दिराच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट टॉवेलात गुंडाळून एसटीने आली होती. ती संगणकात उतरवायचं यंत्र आम्हाला निवडायचं होतं. त्या लग्नाच्या पंगतीत तिचा नवरा जिलबी वाढताना दिसायचा. तो गेल्यावर तिने तेवढाच भाग पुन्हा पुन्हा पाहिला, म्हणून फीत नेमकी तिथेच झिजली होती. दुकानदाराने महागडं यंत्र लावलं, तर पंगत येताच पडदा निळा झाला. "मावशी, ह्ये खराब भाग गाळतं. बगा, कसं आभाळागत स्वच्छ!" तो म्हणाला. "आभाळ बगाया यष्टीनं कशाला यिऊ? ते दारातच हाय. दुसरं लाव." दुसऱ्यावर पडदाभर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या मुंग्या आल्या, आणि त्या मुंग्यांत जिलबीचं ताट घेऊन वाकलेला एक माणूस. "ह्येच घ्यायचं," चुलती म्हणाली. ती फाईल आज माझ्या मोबाईलवर आहे, मुंग्यांसकट. तुम्ही असं यंत्र घ्यायला जाल, तेव्हा दुकानदाराला कॅसेटचा सर्वांत झिजलेला तुकडा आधी लावायला सांगा.