छातीवरचा हात

आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, दूध संघाचे चेअरमन होते, आणि दुष्काळ पडला की त्यांच्या छातीत दुखायचं. गाईंचं दूध आटलं, वडवणीच्या बाजारात जनावरं मातीमोल गेली, अर्धं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला गेलं. संघाच्या सभा तेवढ्या आटल्या नाहीत. आमच्या संघानं जनावरांसाठी चारा छावणी काढली होती. सभेत कोणी उठून विचारायचं, छावणीचा चारा गेला कुठं? की झालं, मालकांचा हात छातीवर.

काय ते आजारपण, बाई! मी बघतच राहायचे. आधी डोळे मिटायचे, मग उजवा हात बरोबर डाव्या बाजूला, मग धोतराची घडी मोडणार नाही अशा बेतानं खुर्चीत कलायचं. एक चप्पल पायातून गळायची. सभा तहकूब! ड्रायव्हर तर असा तयार झाला होता की त्याला काही सांगावं लागत नसे. गाडी बाजारातून सावकाश काढायची, स्टँडसमोर वार्ताहराच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी उभी करायची, त्यानं काचेतून फोटो घेतला की मग बीडचा दवाखाना. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी, आणि चारा विचारणारेच सफरचंदं घेऊन भेटायला यायचे.

अशाच एका खोट्या दुखण्यात डॉक्टरांना खरं सापडलं. बीपी लई वाढलेलं, आणि तपासणीत हृदयाच्या नसा अरुंद झालेल्या. गोळ्या दिल्या. मालकांनी त्या सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवल्या, पाकीट बाहेर डोकावेल अशा. लोकांना दिसल्या की लागू पडल्या, अशी त्यांची समजूत.

डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, "ताई, दरवेळी छातीतच दुखेल असं धरून चालू नका. छातीवर ओझं ठेवल्यासारखं वाटेल, नाहीतर जळजळेल, दम लागेल. जबडा, खांदा, पाठ, हात दुखेल. दरदरून घाम येईल. कधी ते नुसतं पित्तही निघतं. पण बीपी आणि हृदयाचा त्रास असलेल्या माणसाचं ते घरात बसून ठरवायचं नसतं. लगेच आणायचं."

मालक पलंगावरून हसले. म्हणाले, "डॉक्टर, तिला कावून भीती घालता?"

मग तो दिवस उजाडला. छावणी चांगली चालवली म्हणून मालकांचा सत्कार होता, मंत्री येणार होते. हो, त्याच छावणीचा. फेटा बांधणारा सकाळपासून ओसरीवर येऊन बसलेला. मालक आंघोळ करून आले ते जबडा धरून. "दाढ दुखायलीय, लवंग दे." मी लवंग दिली. जरा वेळानं म्हणाले, "पित्त झालंय, सोडा दे." फेटा बांधताना बघते तर नवा सदरा पाठीला चिकटलेला. उन्हाळ्यात घाम कोणाला येत नाही? पण हात लावला तर अंग गार. ओसरीची पायरी उतरताना दम लागून खांबाला टेकले, तेव्हा मी त्यांचा दंड धरला.

"अहो, दवाखान्यात चला. डॉक्टर म्हणाले होते ते हेच."

"येडी हायस का तू? माझ्या छातीत दुखायलंय का?"

"जबडा दुखतोय ना!"

"अगं, मला काय हार्ट अटॅक म्हाईत न्हाई? कितींदा आलाय मला!"

आता काय कपाळ बडवून घ्यायचं? गावाला फसवता फसवता हा माणूस स्वतःच फसला होता. डोळे मिटले नव्हते, चप्पल पायातच होती, मग तो अटॅक कसा? आणि सत्काराच्या दिवशी चेअरमन कधी आजारी पडतो का!

शेवटी ते पायरीवरच बसले. मी त्यांना न विचारता ड्रायव्हरला हाक मारली. त्यानं मलाच बाजूला घेऊन विचारलं, "काकू, आज कोणती सभा हाय? मला कुणी सांगितलंच न्हाई."

"मुडद्या, खरं दुखतंय त्यांना!"

"हां हां, खरंच," म्हणत त्यानं समजल्यासारखी मान हलवली आणि गाडी काढली.

काढली ती सवयीनं बाजारातून, सावकाश. मी मागून ओरडतेय, तर म्हणतो, "काकू, जोरात नेली तर लोकायला दिसंल कसं?" स्टँडसमोर गाडी उभी. वार्ताहर कॅमेरा घेऊन धावत आला, काचेशी वाकला. मालक जबडा धरून बसलेले, फेटा कपाळावर घसरलेला, तोंड राखेसारखं. वार्ताहर म्हणाला, "साहेब, हात जरा छातीवर घ्या की."

आणि खोटं कशाला सांगू, मालकांनी घ्यायला बघितला. मांडीवरचा हात वर गेलाच नाही. ड्रायव्हरनं ते आरशात पाहिलं आणि गाडी अशी पिटाळली की फेटा सुटून माझ्या पायात आला.

बीड यायच्या आधीच मालक माझ्या मांडीवर गेले. डॉक्टरांनी तपासायला सदरा उघडला, तर खिशातलं गोळ्यांचं पाकीट अजून फोडलेलंही नव्हतं. "दाढ दुखायला लागली तेव्हाच आणलं असतं तर..." म्हणत त्यांनी ते पाकीट माझ्या हातात दिलं. मला राग आला, अजून येतो. ड्रायव्हरचा येतो, त्या सभांचा येतो, आणि सगळ्यात जास्त मालकांचा येतो. रडताना सुद्धा मी त्यांना शिव्याच घालत होते. इकडं माझा माणूस गेला, आणि तिकडं गावात लोक संध्याकाळपर्यंत एकमेकांना विचारत होते, अविश्वास ठराव आलाय का म्हणून.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मागच्या सभेच्या वेळचा, डोळे मिटलेले, उजवा हात छातीवर. वार्ताहर दारावर आला तेव्हा मी विचारलं, "कालचा कावून न्हाई छापला?"

तो खाली मान घालून म्हणाला, "काकू, त्यात साहेबांना अटॅक आल्यासारखं वाटतच न्हवतं."