शैलाताईंचा दुसरा मॉनिटर

परवा ऑफिसात माझी मलाच चांगली लाज वाटली... सांगतेच.

मी नाशिकहून रोज पिंपळगावला जाते, एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये एक्स्पोर्टची कागदपत्रं बनवायला. शेजारच्या टेबलावर शैलाताई. इतकी वर्षं खाली पॅकिंगला होत्या, यंदा सरांनी वर कॉम्प्युटरवर बसवलं.

बाई कामाला वाघ, पण आकडे चुकायचे. कंटेनर नंबर म्हणजे चार अक्षरं आणि सात आकडे... त्यातला एखादा हमखास इकडचा तिकडे, आणि निस्तरायला मी! ऐन सीझनमध्ये माझं डोकं इतकं फिरलं की सरांना सरळ सांगून टाकलं, यांना परत खाली पाठवा. सर म्हणाले, शनिवारी ठरवू.

परवा माझ्या मशीनवर अपडेट सुरू झालं आणि मी रिकामी. म्हणून पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

बघते तर काय... बाई ट्रान्सपोर्टवाल्याने पाठवलेला कंटेनरचा फोटो उघडायच्या, नंबर वाचायच्या, फोटो बंद करायच्या आणि मग फॉर्म उघडायच्या. तोवर ओठांतल्या ओठांत नंबर घोकणं चालू. मध्येच कुणी हाक मारली की गेलं... पुन्हा पहिल्यापासून. का, तर सुरुवातीला कुणीतरी सांगितलेलं, एका वेळी एकच उघडायचं, नाहीतर कॉम्प्युटर हँग होतो!

आणि मी मात्र दोन मॉनिटर घेऊन बसते. त्यातल्या एकावर दिवसभर व्हॉट्सॲप.

स्टोअरमध्ये एक जुना मॉनिटर धूळ खात पडला होता. तो पुसला, द्राक्षांच्या रिकाम्या खोक्यावर ठेवला आणि त्यांना जोडून दिला. डावीकडे फोटो, उजवीकडे फॉर्म. म्हटलं, आता बघून टाइप करा, पाठ काही करायचं नाही.

त्यांनी एकामागून एक पाच नंबर टाकले. पाचही बरोबर. मला वाटलं खूश होतील, तर त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"म्हंजे माझं डोकं बरं हाय ना गं?"

मला आधी कळेचना. मग हळूहळू बोलल्या. त्यांच्या आईला शेवटी शेवटी घरचं कुणी ओळखू यायचं नाही. आपलंही तेच सुरू झालं, असं धरून त्या दोन महिने एकट्याच घाबरत होत्या. घरी कुणाला चकार शब्द नाही... आणि इकडे मी रोज "ताई, परत चुकलं" म्हणत होते.

तशीच उठले आणि सरांना सांगून आले, माझंच चुकलं, ताई इथेच राहतील. सर हो म्हणाले. कालपासून ताईंची एकही चूक नाही, आणि डबा खाताना चक्क माझी फिरकी घेतात.

हे लिहू का, असं त्यांना विचारलं. लिही म्हणाल्या, अजून कुणी असं घाबरून बसलं असेल तर त्याला कळेल. फक्त सरांकडे केलेल्या तक्रारीचं सांगायचा मला तोंडावर धीर झाला नाही... ताई, इथे वाचाल तेव्हा माफ करा मला.