लवकर येणंही चूक

"मुद्दाम सावकाश केलं तिनं!"

"मुद्दाम नाही, अण्णा."

"मग काय, चुकून? शेवटच्या दहा मीटरात हात आवरता घेतला पोरीनं. माझ्या डोळ्यांनी बघितलं मी. अख्ख्या बेळगावनं बघितलं."

"अख्खं बेळगाव नव्हतं आलेलं. थोडे आईबाप होते, त्यातले निम्मे मोबाईलमध्ये."

"चेष्टा नको, पद्मा. साकु, पुरे आता. पोरगी नववी आली. फायनलला घेतात आठ. आणि नववी येऊन पाण्यातनं वर आली ती हसत! हसत! मला म्हणते, पप्पा, मी बरोबर आले."

पद्मा चालू लागली. एका जागी उभं राहणं तिला जमतच नाही. टँकच्या कडेनं, ओल्या फरशीवर रबरी चपला फटफटवत, या टोकापासून त्या टोकाला. मागोमाग प्रेमानंद, तिचा सख्खा थोरला भाऊ, रेल्वेच्या ऑफिसला निघालेला, पॉलिश केलेले बूट भिजू नयेत म्हणून पाण्यापासून हातभर लांब. पाण्यात पोरं किक बोर्ड धरून पाय मारत होती आणि सगळ्यांचे कान काठावर होते.

"पाय मारा, पाय!" पद्मा ओरडली. "कानानं पोहता येत नाही!"

"रविवारपर्यंत बघतो मी," प्रेमानंद म्हणाला. "मग दुसरीकडं घालतो तिला. तिकडचे सर रोज किती मीटर पोहून घेतले ते बोर्डावर लिहितात. तुझ्या बोर्डावर काय आहे वाच. 'चोर-पोलीस'! मी काय बालवाडीत घातलंय होय तिला?"

"चोर-पोलीस करून नागेशचं स्प्रिंट किती सुधारलं विचार."

"नागेश माझा पोरगा नाही."

आणि तो गेला. गेटपाशी त्याची मुलगी आरुषी गॉगल हातात फिरवत उभी होती. तिच्या डोक्यावर टपली मारून गेला, पण हळूच.

उणकलच्या या टँकवर एक नियम आहे. तिथं कुणी कुणाचा काका नाही, कुणी कुणाची मावशी नाही. पद्मा म्हणजे पद्माक्का. आरुषी तिची सख्खी भाची, घरी "ए आत्या" करत गळ्यात पडणारी; गेटच्या आत पाऊल पडलं की तीही "अक्का" आणि "तुम्ही". गेटच्या बाहेर पुन्हा आत्या. पोरीला हे इतकं सवयीचं की कधीकधी एकाच वाक्यात दोन्ही होतं, गेट मध्ये आलं तर.

पद्मा धारवाडला मळमड्डीत वाढली. वडील आप्पासाहेब वर्कशॉपमध्ये फिटर. त्यांनीच तिला केलगेरीच्या तळ्यात कमरेला लुगडं बांधून पोहायला शिकवलं, आणि मग शहरातल्या एका सरांकडं घातलं. सर चांगले होते, पण त्यांच्याकडं वाक्य एकच होतं: "अजून वीस." वीस फेऱ्या झाल्या की अजून वीस. तळाच्या निळ्या फरशांमधल्या कुठल्या फुटल्यात हे पद्माला पाठ झालं. दोनतीन पदकं आली. आणि सोळाव्या वर्षी एके सकाळी तिनं पोहण्याची पिशवी आप्पासाहेबांसमोर ठेवली. "नाही जाणार. कंटाळा आला."

आप्पासाहेब एरवी आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला. "पाण्याला हात लावायला मिळावा म्हणून आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली, आणि तुला पाण्याचा कंटाळा येतो?"

पद्मा आजही म्हणते, "आप्पा बरोबर होते. पण कंटाळा पण खरा होता की." या दोन खऱ्यांच्या मध्ये ती तेव्हापासून येरझारा घालते आहे. कोच झाल्यावर तिनं ठरवलं, आपल्या पाण्यात पोरांना कंटाळा येऊ द्यायचा नाही. पोरगं दमलं तर दमू दे, रडलं तर रडू दे. पण कंटाळून पिशवी ठेवायला नको.

म्हणून मग ही वणवण. सेट म्हणजे सरावाचा एक तुकडा: किती पोहायचं, कसं, मध्ये किती थांबायचं. पद्माच्या डोक्यात ते सतत शिजत असतात. भाजी निवडताना, सिग्नलला, कुणाच्या लग्नात अक्षता पडताना. जेवायलासुद्धा ती बसत नाही. संगीतावहिनी, आरुषीची आई, म्हणते, "हिचं जेवण पण सेटच. चपाती, विश्रांती नाही, चपाती."

चोर-पोलिसात हळू पोहणारा आधी सुटतो, वेगवान मागून. प्रत्येक फेरीला मधलं अंतर कमी. जीव वाचवायला पळतोय असं पोरांना वाटतं, प्रत्यक्षात ती मरणाची स्प्रिंट मारत असतात. 'मुकी फेरी'त कमीत कमी हात मारून पलीकडं पोचायचं आणि तोंडातनं शब्द काढायचा नाही. नागेशला हातांपेक्षा तोंडाचाच त्रास. आणि मग 'अंदाज'. हा तिचा सगळ्यांत लाडका सेट, आणि आरुषीचाही.

तो आरुषीसाठीच जन्मला होता. शंभर मीटर फ्रीस्टाईल पोहताना पोरगी पहिला अर्धा बाणासारखी जायची आणि दुसरा अर्धा भिजलेल्या घोंगड्यासारखी. सांगून उपयोग नाही. बारा वर्षांच्या पोरीला "जपून जा" म्हटलेलं ऐकू येत नाही. तेव्हा पद्मानं खेळ काढला. उडी मारायच्या आधी सांगायचं, मला किती वेळ लागेल. घड्याळ बघायचं नाही. सांगितल्याच्या सगळ्यांत जवळ येईल तो जिंकला. सेकंदभर उशीर झाला तरी चूक, सेकंदभर लवकर आलं तरी तेवढीच चूक. जिंकणाऱ्यानं अक्काला उठाबशा काढायला लावायच्या.

नागेश, टँकवरचा सगळ्यांत वेगवान, या खेळात शेवटचा यायचा. आरुषी, जी एरवी मधल्या कुठल्यातरी नंबरावर, ती राणी झाली. सांगेल तो आकडा. "घड्याळ गिळलंय हिनं," पोरं म्हणायची. पद्मा कान धरून उठाबशा काढायची आणि तिच्याएवढी खूश कुणी नसायची.

प्रेमानंद येऊन गेला त्या दिवशी सराव संपल्यावर आत्या-भाची गिरमिटच्या गाडीवर उभ्या राहिल्या. गेटच्या बाहेर.

"आरू, बेळगावात शेवटी काय झालं ग?"

"मी एक मिनिट एकोणीस सांगितलं होतं."

"कुणाला?"

"मनात. ब्लॉकवर उभी राहिले तेव्हा." तिनं गिरमिटच्या चुरमुऱ्यांतला कांदा वेचून आत्याच्या कागदात टाकला. "मग शेवटी वाटलं, लवकर होतंय. म्हणून जरा सरकत आले. आणि एक एकोणीसच झालं, आत्या! मोठ्या बोर्डावर आलं!"

"अग, ती शर्यत होती."

"मग?"

"मग काय मग? शर्यतीत लवकर यायचं असतं."

"लवकर आलं तरी चूक, असं कोण म्हणतं?" आरुषी निरागसपणे म्हणाली. "तूच."

पद्मानं अख्खी मिरची चावली. डोळ्यांत पाणी आलं, ते मिरचीचं होतं. तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली, गाडीवाल्यानं चमकून बघितलं, मग दुसरी मारली.

स्कूटरवर घरी जाताना सिग्नल हिरवा झाला आणि मागचे रिक्षावाले कन्नडमध्ये तिच्या घराण्याचा उद्धार करू लागले तरी ती हलली नाही. पोरीला मधेच दमायचं नाही हे शिकवायचं होतं. शिकली. पण त्यासोबत आपण दर आठवड्याला, टाळ्या वाजवत, उठाबशा काढत, हेही शिकवलं की जास्त चांगलं करणं ही चूक आहे. अण्णा खेळाला शिव्या देत होता. खेळ वाईट नव्हता. त्यातला अर्धा नियम वाईट होता, आणि तो आपण घातला होता.

दुसऱ्या दिवशी बोर्डावर नवा सेट. "आजपासून आपला आकडा सांगायचा आणि तो मोडायचा. जितका जास्त मोडेल तितका जिंकला. नागेश, बोल."

"पाच मिनिटं, अक्का."

"काय?"

"शंभर मीटरला पाच मिनिटं. मोडतो बघा."

"मी दहा मिनिटं!" दुसऱ्या लेनमधून.

"मी दुपारपर्यंत येते!"

टँकभर हशा. पद्मालाही हसू फुटलं, मग स्वतःचाच राग आला, आणि तिनं बोर्ड पुसून टाकला. त्या दिवशी तिनं नुसत्या फेऱ्या घेतल्या. "अजून वीस" हे शब्द ओठापर्यंत आले आणि तिनं ते गिळले.

"अक्का, अंदाज कधी?" जाताना आरुषीनं विचारलं.

"आता नाही."

"का? मी जिंकते म्हणून?"

"वेडी आहेस का? जा, शाळेला उशीर होतोय."

शनिवारी संगीतावहिनीला कांद्याचं पोतं घ्यायचं होतं, म्हणून पद्मा तिच्यासोबत अमरगोळच्या मार्केट यार्डात गेली. ढिगाभोवती माणसं, मध्ये एकजण हात नाचवत आकडे ओरडतोय, बाजूचे एकमेकांवर चढ करतायत. पद्मा थबकली.

"वहिनी, ह्या लोकांना कंटाळा येतो का?"

"कांदे विकायचेत त्यांना. कंटाळून कसं चालेल?"

"आणि कांद्याला विचारतं कोण, तुझा भाव किती?"

"पद्मा," वहिनी म्हणाली, "पोतं उचल."

रविवारी सकाळी प्रेमानंद आला तेव्हा टँकवर लिलाव चालू होता. नियम असा: पोहणाऱ्यानं काही बोलायचं नाही. त्याच्यावर बोली लावायची इतरांनी, आणि बोली वर नाही, खाली जाणार. शेवटची बोली ज्याची, त्यानं काठावरून धावत ओरडून पोहणाऱ्याला आणायचं. आकडा मोडला तर दोघं जिंकले. कुणालाच पाच मिनिटं म्हणता येत नव्हतं. लगेच दुसरा चार म्हणायचा.

नागेशचा लिलाव झाला. पोरांनी असा गलका केला की गेटवरचा वॉचमन आत येऊन बघून गेला. नागेशनं आकडा मोडला आणि पाण्यात उताणा पडून मेल्याचं सोंग केलं.

"आता आरुषी."

ती ब्लॉकवर चढली. गॉगल आधीच डोळ्यांवर.

"एक वीस!"

"एक एकोणीस!"

"एक अठरा!" नागेश पाण्यातूनच.

"एक पंधरा!"

सगळे वळले. प्रेमानंद. बूट घालून थेट ओल्या फरशीवर.

"अण्णा, आईबापांनी बोली लावायची नाही."

"का? पोरगी माझी आहे."

"आणि टँक माझा. मागे हो."

"एक सतरा!" नागेशनं घाईघाईनं हात वर केला, भांडण मोठं व्हायच्या आत. "माझी बोली! एक सतरा!"

"एक सतरा, एक सतरा... गेली!"

आरुषीनं कुणाकडंच बघितलं नाही. शिट्टी झाली आणि ती पाण्यात गेली. पहिला अर्धा कसा नेला! ना घाई, ना आळस; पद्माला स्वतःच्या जुन्या सेटचा गर्व वाटला. नागेश काठावरून बेडकासारखा उड्या मारत ओरडत होता, "बेग बेग! लवकर, आरू, बेग!" शेवटचे दहा मीटर आले. प्रेमानंद नकळत वाकला. या वेळी हात आवरला नाही. पाणी फाडत आली आणि भिंतीवर अशी आदळली की बोटं मोडली असं वाटलं.

पद्मानं घड्याळ बघितलं. पुन्हा बघितलं.

"एक सोळा."

पोरं किंचाळली. त्यातली दोघं टॉवेलसकट पाण्यात पडली. प्रेमानंदनं बहिणीच्या हातातलं घड्याळ घेतलं, आपल्या डोळ्यांनी वाचलं, आणि परत तिच्या हातात ठेवलं.

"राहू दे हिला इथंच," तो म्हणाला. "खेळ तर खेळ. पण हा. तो आधीचा अंदाजाचा नको, पोरीनं सांगितलंय मला. वचन दे."

"दिलं," पद्मा म्हणाली. एवढ्या सहज की तिलाच आश्चर्य वाटलं. आठवडाभर छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. पोरगी राहिली. पाण्यात राहिली, तिच्याकडं राहिली.

मग तिनं आरुषीकडं बघितलं.

ती काठावर बसली होती, पाय पाण्यात, गॉगल अजून डोळ्यांवर. नागेश तिच्या पाठीवर थापा मारत होता, "आपण जिंकलो ग! माझी बोली होती!" ती मान हलवत होती, पाहुण्यांसमोर हलवावी तशी. एरवी पाण्यातून वर येताच तिचं तोंड चालू होई: टर्नला काय वाटलं, कुठं श्वास चुकला, मधे किती सेकंद झाले असतील. आज एक शब्द नाही.

पद्मा जाऊन तिच्या शेजारी बसली. खरंच बसली, पोरांनी एकमेकांना कोपरानं ढोसून दाखवलं.

"हात लागला का भिंतीला?"

आरुषीनं मान हलवून नाही म्हटलं.

"अण्णा मध्ये ओरडला म्हणून राग आला?"

पुन्हा नाही.

"भारी पोहलीस, आरू. इतकं भारी तू कधीच पोहली नव्हतीस." पद्मानं तिचा गॉगल कपाळावर सरकवला. डोळे लाल होते. क्लोरीननं सगळ्यांचेच होतात. "एक सांग मला. खरं सांग. मजा आली का?"

"माझा आकडा मला कुणी विचारलाच नाही, अक्का," म्हणत आरुषीनं पाय पाण्यातून काढले. टोपी ओढून काढली, टॉवेल खांद्यावर टाकला. ओल्या पावलांचे ठसे उमटवत, पप्पांच्या आणि नागेशच्या मधून वाट काढत, ती गेटमधून बाहेर निघून गेली.