वाटीची आवक-जावक

मराठी कवितेवर एम.ए. केलेल्या मुलीच्या हाती तराजू कोण देईल? सरकारने दिला. ऐंशीच्या दशकात शहरी कुटुंबांच्या आहाराची पाहणी करणाऱ्या एका कार्यालयात मी हंगामी अन्वेषक म्हणून लागले. मुदत सहा महिन्यांची. पहिल्या गठ्ठ्यातले तक्ते साहेबांनी मान्य केले, तरच मुदतवाढ. घरी मी फक्त ‘सरकारी नोकरी’ एवढेच सांगितले होते. ‘हंगामी’ हा शब्द गिळला होता आणि चालून आलेले एक स्थळ नोकरीच्या बळावर परतवले होते.

भांडुपच्या टेकडीवरची एक चाळ माझ्या वाट्याला आली. शिजवण्याआधी जिन्नस तोलायचे, शिजल्यावर पातेले तोलायचे, कोणाच्या ताटात किती पडले ते लिहायचे. पहिल्या दिवशी साऱ्या गॅलरीत वेलदोडा आणि जायफळ दरवळत होते. सणवार काहीच नव्हता. मी येणार होते. ‘रोजचेच शिजवा’ अशी विनवणी केल्यावर दुसऱ्या दिवसापासून चाळ आपल्या खऱ्या वासावर आली: तिरफळ, लसूण, तव्यावर करपत चाललेला बोंबील.

खरी पंचाईत त्यानंतर सुरू झाली. मालवणकडच्या एका काकूंनी बांगड्यांचे तिखले केले होते. मी पातेले तोलून नोंद करते न करते, तोच त्यांनी एक वाटी भरली आणि समोरच्या दारात दिली. समोर मराठवाड्याहून आलेल्या वहिनी राहत. थोड्या वेळाने तीच वाटी हुलग्याच्या शेंगोळ्यांनी भरून, वाफाळत परत आली.

“रिकामी वाटी द्यायची व्हय?” वहिनी म्हणाल्या.

तक्त्यात तीनच रकाने होते: शिजवलेले, खाल्लेले, उरलेले. मी शेऱ्याच्या जागेत बारीक अक्षरात लिहिले, ‘वाटी गेली ती गंधासकट, आली ती वाफेसकट.’

साहेबांनी तक्ता चष्म्याजवळ नेला. “बाई, या घरात सहा बांगडे शिजले, चार खाल्ले, उरले शून्य. दोन काय पोहत गेले?”

“समोर गेले, साहेब.”

“आणि हे शेंगोळे? शिजवलेच नाहीत, पण खाल्ले सगळ्यांनी.” मग त्यांनी शेरा मोठ्याने वाचला. “हे काय आहे? कविता?” त्यांनी तक्ता टेबलावर ठेवला. “तक्ता वरून आलाय. तक्ता चुकत नसतो, माणसं चुकतात. मी स्वतः पडताळणीला येतो. तोवर तुमचा गठ्ठा अमान्य.”

शनिवारी साहेब टेकडी चढून आले. काकूंनी पाट मांडला.

“सायबानू, जेवल्याशिवाय जाऊचा नाय.”

“आम्हाला खायची परवानगी नाही.”

“मगे घराक न्या.” त्यांनी स्टीलचा डबा तिखल्याने भरला आणि साहेबांनी हात पुढे करताच मागे घेतला. “थांबा. तोलूक व्हया.” एव्हाना काकू माझ्याहून काटेकोर झाल्या होत्या. डबा माझ्या तराजूत ठेवून त्या म्हणाल्या, “लिही गो बाय.”

मी लेखणी धरून साहेबांकडे पाहिले. साहेब छपराच्या पत्र्याकडे पाहत होते.

सोमवारी त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला डबा माझ्या टेबलावर ठेवला. “हा परत द्या.” मी उचलला. जड होता, आणि कागदातून खोबऱ्या-कोथिंबिरीचा ओला, हिरवा वास येत होता.

“साहेब, यात काहीतरी आहे.”

“सुरळीच्या वड्या.” ते फाईल चाळू लागले. “मासे आमच्याकडे चालत नाहीत. बायकोने खालच्या मजल्यावर दिले. त्यांनी डब्यातून नारळाच्या वड्या पाठवल्या. त्या आम्ही संपवल्या. मग ही म्हणाली, त्या बाईंचा डबा रिकामा कसा पाठवायचा?”

त्यांनी स्वतःच तीन बोटे मोडली: बांगडे, नारळ, सुरळी. चौथे बोट उघडेच राहिले.

“पट्टी आणा,” ते म्हणाले.

“पण नव्या रकान्याला वरून मंजुरी…”

“रकान्याला लागते. रेघ मारायला लागत नाही.” माझ्या तक्त्यावर त्यांनी शाईने एक सरळ उभी रेघ ओढली आणि टपालाच्या नोंदवहीवरचे शब्द जसेच्या तसे तिच्या माथ्यावर बसवले: आवक-जावक. “आता सगळ्या तक्त्यांवर अशीच मारा. आणि शेऱ्यात वाफ नको.”

मी आठवडाभर रेघा ओढल्या. बोटे निळी झाली, गठ्ठा मान्य झाला.

मुदतवाढीचा आदेश नेमका घरच्या पत्त्यावर आला. आईने तो वाचला, ‘हंगामी’पाशी थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली. मी सारे सांगून टाकले: स्थळ, बांगडे, सुरळीच्या वड्या.

“म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा हेच,” ती म्हणाली. मग उठून तिने सकाळच्या भरल्या वांग्यांवरचे झाकण काढले. “त्या काकूंमुळे नोकरीत राहिलीस ना? मग त्यांना रिकाम्या हाताने भेटणार आहेस?”

तिने डबा भरला. मी सवयीने पिशवीतून तराजू काढला.