जुनी स्प्रिंग, नवी स्प्रिंग

सकाळी सव्वाआठला आमची बेल दोनदा वाजायची आणि दार उघडायच्या आत बाहेरून आवाज यायचा, "गोळी?" नमस्कार नाही, चमत्कार नाही. आतून बाबा ओरडायचे, "घेतली!" मग बाहेरून, "बिल्कुल?" "बिल्कुल!" एवढं झालं की इनामदारकाका जिना उतरून चालू लागायचे. मी दार उघडेपर्यंत तिथे कुणी नसायचं. मला सुरुवातीला संताप यायचा. डबा भरायचा, मेट्रो गाठायची, आणि या गृहस्थांची रोजची बेल! मी एकदा म्हटलंही, "काका, फोन करत जा ना." तर म्हणाले, "फोनवर माणूस खोटं बोलतो गं. दारात आलं की आवाजावरून कळतं."

शौकत इनामदार मूळचे कराडचे. दिल्लीत एका मंत्रालयाच्या आवक-जावक विभागात पस्तीस वर्षं काढली आणि निवृत्त होऊन द्वारकेच्या आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आले. आम्ही तिसऱ्यावर. आई गेल्यावर मी बाबांना नागपूरहून इकडे आणलं होतं. बाबाही केंद्र सरकारचेच पेन्शनर, त्यामुळे दोघांची दोस्ती व्हायला वेळ लागला नाही. मार्चमध्ये काकांना हार्ट अटॅक आला, स्टेंट बसला. नोव्हेंबरात बाबांची पाळी आली. हॉस्पिटलात काका भेटायला आले तेव्हा बाबा रडवेले होऊन पडले होते. काका खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "या, या गायकवाड! तुमचीही स्प्रिंग बसली? चला, आता मला कंपनी मिळाली." तीन दिवसांत बाबा पहिल्यांदा हसले.

स्टेंटला काका स्प्रिंगच म्हणत. "आत लोखंड बसवलंय. रक्ताला ते परकं वाटतं, ते त्याला चिकटायला बघतं. गोळी त्याला चिकटू देत नाही. वर्षभर एकही चुकवायची नाही, डॉक्टरनं बजावलंय." हे ते लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, ऐकेल त्याला सांगत. सिगारेटबद्दल विचारलं तर कान पकडायचे. "तीस वर्षं मी स्वखर्चानं प्रदूषण केलं, यार. दिल्लीत तशीही काही कमी नव्हती." धुक्याच्या दिवसांत ऊन वर येईपर्यंत ते बाबांना बाहेर पडू द्यायचे नाहीत. थंडीत पहाटे फिरणं म्हणजे छातीवर जुलूम, असं त्यांचं म्हणणं. दोघं म्हातारे खालच्या पार्किंगमध्येच गाड्यांच्या मधून फेऱ्या मारत. एकदा जेवायच्या वेळी आले, आमच्या टेबलावरची लोणच्याची बरणी आणि पापडांचा डबा उचलला आणि सरळ घेऊन गेले. "हे आता आमच्याकडे राहील." त्यांच्या बायकोनं, रशीदाकाकूंनी, पुढे मला सांगितलं की ते लोणचं त्यांनी एकटीनं संपवलं आणि फार छान होतं!

जानेवारीतली गोष्ट. गेटवरचा राजबीर, पन्नाशीचा धट्टाकट्टा माणूस, जबडा दाबत बसला होता. दाढ दुखतेय म्हणाला. काका त्याच्या कपाळाकडे बघत राहिले. आम्ही सगळे स्वेटरवर शाल घेऊन कुडकुडत होतो आणि राजबीरच्या कपाळावर घाम! "जनवरी में पसीना? चल, गाड़ी में बैठ." राजबीर म्हणे ड्यूटी संपू द्या, गॅस असेल. काकांनी ऐकलं नाही. त्याचा हात धरून त्याला गाडीत कोंबलं आणि हॉस्पिटलात नेलं. अटॅकच होता. राजबीर वाचला, आजही गेटवर उभा असतो. मी काकांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाले, "अगं, पोटाची फाईल वेगळी, दाढेची वेगळी, छातीची वेगळी. पण ने-आण करणारा शिपाई एकच. तो छातीची फाईल भलत्याच टेबलावर नेऊन ठेवतो. माणूस बसतो गॅसची गोळी चघळत."

आता जे लिहायचंय ते लिहायला मला इतकी वर्षं लागली. बाबा असताना लिहिणं शक्यच नव्हतं. बाबा दोन वर्षांपूर्वी न्यूमोनियानं गेले. हृदयानं शेवटपर्यंत साथ दिली.

बाबांची औषधं आणायचं काम माझं. सरकारी डिस्पेन्सरीच्या खिडकीवर पेन्शनरचं कार्ड दाखवायचं, महिन्याची औषधं घ्यायची. फेब्रुवारीत संसदेचं अधिवेशन चालू होतं, मंत्रालयातल्या माझ्या ऑफिसात श्वास घ्यायला फुरसत नव्हती. जाईन उद्या, जाईन परवा करत शुक्रवार उजाडला आणि बाबांची रक्त पातळ ठेवणारी गोळी संपली. डिस्पेन्सरीत फोन केला तर म्हणे स्टॉक नाही, मंगळवारी येईल. आता कुणीही म्हणेल, मग केमिस्टकडून आणायची! सोसायटीच्या गेटसमोर केमिस्ट आहे हो. मी रोज त्याच्या दारावरून जाते. पण आम्ही सरकारी माणसं. औषध म्हणजे खिडकीतून मिळतं ते, हे आमच्या हाडात मुरलेलं. नाही मिळालं तर शेजारच्या पेन्शनरकडून उसनं घ्यायचं आणि आलं की परत करायचं. आमच्या सगळ्या कॉलनीत हेच चालायचं, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

मी दुसऱ्या मजल्यावर गेले. "काका, बाबांची गोळी संपलीय. तुमच्याकडे जास्तीची आहे का?" काका आत गेले आणि स्ट्रिप घेऊन आले. सहा गोळ्या होत्या. "आणि तुम्हाला?" "माझ्याकडे दुसरी आहे. तू जा, तुझी मेट्रो चुकेल." मी थँक यूसुद्धा जिन्यातूनच म्हटलं. बाबांच्या हातात स्ट्रिप दिली, कुठून आणली ते सांगायलाही थांबले नाही. दुसरी आहे म्हणाले तेव्हा त्यांच्या तोंडाकडे मी बघितलं नाही. फोनवर माणूस खोटं बोलतो म्हणणारा हा माणूस दारात उभा राहून माझ्याशी खोटं बोलला आणि मला आवाजावरून काही कळलं नाही.

मंगळवारी स्टॉक आला नाही. खिडकीवरचा म्हणाला, गुरुवारी या. मी निश्चिंत होते, बाबांच्या दोन गोळ्या शिल्लक होत्या. काका रोज सव्वाआठला येऊन "गोळी?" विचारतच होते. गुरुवारी सकाळी बेल एकदाच वाजली, आणि थांबेचना. दारात रशीदाकाकू होत्या, अनवाणी. "चल गं लवकर, हे कसंतरीच करतायत." पहाटेपासून खांदा अवघडलाय म्हणत होते म्हणे. हॉस्पिटलात पोचेपर्यंत काका गेले होते. तिथल्या तरुण डॉक्टरनं बाबांच्या आणि माझ्या समोरच काकूंना विचारलं, "दवाई बंद की थी क्या?" काकू म्हणाल्या, "हां. पांच-छह दिन."

चौथ्या दिवशी काकूंनी मला आत बोलावलं आणि दार लावलं. "तुला सांगितलं नाही तर मला झोप लागायची नाही, आणि सांगितलं तर तुला लागायची नाही. पण सांगते. दुसरी स्ट्रिप नव्हती." काकू सांगत होत्या. "मी म्हटलं, मी खालून केमिस्टकडून आणते. तर म्हणाले, चार दिवसांसाठी कशाला, मंगळवारी मिळतेच आहे. म्हणाले, गायकवाडांची स्प्रिंग नवी आहे, तीन महिन्यांची, त्यांना एक दिवसही चालायचं नाही. माझी जुनी झाली, वर्ष भरत आलं. माझी धरेल." मी रडायला लागले तशा त्या कडक आवाजात म्हणाल्या, "तुझ्या बाबांना यातलं अक्षर कळता कामा नये. कळलं तर ते गोळीला हात लावणार नाहीत. मी ओळखते त्यांना."

खरं होतं. मीही ओळखत होते. म्हणून गप्प राहिले. कितीदा वाटलं, जाऊन सांगून टाकावं, की बाबा, गोळ्या आणायला मी विसरले, मागायला मी गेले, माणूस माझ्यामुळे गेला. पण माझं ओझं उतरवायला बाबांचा जीव कुठे टांगू?

काकांच्या चाळीसाव्या दिवसाला आम्ही खाली त्यांच्या घरी गेलो. कराडहून काकूंचे भाऊ आले होते, शेजारपाजारचे होते. दुपारची जेवणं झाली. बाबा इतके दिवस काकांविषयी शब्द बोलले नव्हते. ते त्या भरल्या खोलीत एकदम कडाडले, "रोज माझ्या दारात यायचा! रोज मला विचारायचा! आणि स्वतः घेतल्या नाहीत. सहा दिवस! असा निष्काळजी माणूस मी जन्मात पाहिला नाही." आवाज फाटला त्यांचा. काकूंच्या भावानं मान खाली घातली. माझ्या ओठांवर आलं होतं सगळं. मी तोंड उघडलंही असेन. काकूंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बाबांना म्हणाल्या, "हो भाऊ. निष्काळजीच होते ते. तुम्ही तसं करू नका. दुपारची घेतलीत का?"

बाबांनी डोळे पुसले आणि मान हलवली, नाही म्हणून. खिशातून गोळ्यांची डबी काढली. काकू उठल्या, पाण्याचा पेला भरून आणला आणि बाबा गोळी गिळेपर्यंत त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.