पोपट मढवींची अर्धी दोरी

मी भगवान. एक्क्याऐंशी साली वाशीतल्या एका सर्व्हे ऑफिसात ट्रेसर होतो. ट्रेसर म्हणजे साहेब सांगतील ती रेघ, साहेब सांगतील तिथे, शाईने ओढणारा. डोकं चालवायचं काम कुणी सांगितलेलं नव्हतं आणि मीही आपणहून चालवत नव्हतो. पोपट मढवींची गोष्ट सांगायच्या आधी हे कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे मला शिव्या द्यायला तुम्हाला सोपं जाईल.

पोपटदादा घणसोली गावातले. विहिरी बांधणारे गवंडी. वय पंचावन्नच्या आसपास, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, आणि आवाज असा की हळू बोलले तरी चार घरांना ऐकू जावं. रबाळ्यापासून खाडीपर्यंत त्यांनी चाळीसेक विहिरी बांधल्या होत्या आणि त्यातली एकही अंडाकार झाली नव्हती. हे ते स्वतःच सांगायचे, दिवसातून दोनदा, कुणी न विचारता.

त्यांची पद्धत अशी. मधोमध खुंटी, खुंटीला दोरी, दोरी ताणून फिरवली की विहिरीचा गोल. इथपर्यंत कुणीही गवंडी करतो. दादा पुढे तीच दोरी सोडायचे आणि गोलाच्या काठाकाठाने वाकवून अंथरायचे. एक दोरी, दोन दोऱ्या, तीन. "पुरा फेरा सहा दोऱ्या नि वर पावेक," असं त्यांचं म्हणणं. विहिरीला ते बाव म्हणत. "बाव ल्हान असो क मोठी असो, सहा नि पावेक. त्यात देवाला पन बदल करता येनार नाय."

उतरायचे दगड कुठे बसवायचे, कप्पी कुठे लावायची, सगळं ते दोरीतच सांगत. "पयल्या दगडापासून दीड दोरीवर कप्पी." डिग्री म्हणजे त्यांच्या लेखी तापाची, नाहीतर कॉलेजातली. कोन डिग्रीत मोजतात असं मी एकदा सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा काळजीने पाहिलं की जणू मलाच ताप आलाय.

खरं तर हेच मी कॉलेजात शिकलो होतो. त्रिज्येला एक म्हणा, ते झालं एकक वर्तुळ. काठावर त्या एकाएवढा कंस घ्या, मध्यापाशी होणारा कोन म्हणजे एक रेडियन. सरांनी फळ्यावर सुरेख काढलं होतं, मी वहीत सुरेख उतरवून घेतलं होतं, आणि परीक्षा झाल्यावर विसरून गेलो होतो. दादांना ते कुणी शिकवलंच नव्हतं, त्यामुळे विसरायचा प्रश्न नव्हता.

आता आमचे नंदकिशोर साहेब. कारकुनापासून बढत्या घेत घेत साहेब झालेले. आधी आम्ही कोनांची गणितं त्रिकोणमितीतल्या साइनच्या छापील कोष्टकावरून करायचो. मग साहेबांच्या मेव्हण्याने दुबईहून कॅल्क्युलेटर आणला. झालं! कोष्टकाचं पुस्तक चहाच्या किटलीखाली गेलं आणि कॅल्क्युलेटर साहेबांच्या ड्रॉवरमध्ये, रुमालात गुंडाळून. त्याच्या कडेला एक सरकतं बटण होतं आणि बटणापुढे तीन खुणा: डेग, रॅड, ग्रॅड. रोज सकाळी साहेब ते बटण नखाने मधल्या खुणेवर आणायचे.

"रॅड म्हणजे रेडी," ते मला म्हणाले. "मशीन रेडी केल्याशिवाय हात लावायचा नाही. समजलं?"

"समजलं साहेब," मी म्हटलं. काय कप्पाळ समजलं होतं!

त्या वर्षी नव्या शहरासाठी घणसोलीच्या जमिनी मोजणं चालू होतं. गावदेवीच्या देवळाजवळ एक खुणेचा दगड होता. त्या दगडापासून एक सरळ रेषा आखली होती. रेषेच्या देवळाकडच्या बाजूची घरं राहणार, खाडीकडच्या बाजूची उठणार. बाकी सगळी घरं कॅल्क्युलेटर येण्याआधीच कोष्टकावर मोजून झाली होती. जरा सुटं, एका टोकाला असलेलं एकच घर राहिलं होतं, दादांचं. दगडापासून घर दोनशे मीटर, आणि रेषेशी कोन, मोजणीच्या दुर्बिणीतून घेतलेला, एकोणतीस अंश. एकोणतीसची साइन काढायची, दोनशेने गुणायचं, की घर रेषेपासून किती आत आहे ते कळतं. पाच मिनिटांचं काम.

साहेबांनी मशीन रेडी केलं. एकोणतीस दाबले, साइन दाबलं. मशीनने दाखवलं, वजा शून्य दशांश सहासष्ट.

साहेब चपापले, पण क्षणभरच. "मायनस आलं. म्हणजे घर रेषेच्या पलीकडे. एकशे तेहतीस मीटर खाडीकडे. भगवान, ओढ."

मी ओढलं. नकाशावर दादांचं घर भरतीला जिथे खेकडे फिरतात त्या चिखलात जाऊन बसलं. त्या घराच्या ओट्यावर बसून मी आठवड्यापूर्वीच चहा प्यायलो होतो, तिथून गावदेवीची घंटा ऐकली होती. साहेबही होते, दोन कप प्यायले होते. हे सगळं मला ओढताना आठवलं. पण साहेबांना कोण सांगणार, आणि मीच का सांगायचं? मी शाई वाळू दिली.

पंधरा दिवसांत घर रिकामं करा, अशी नोटीस गेली. दुसऱ्याच दिवशी दादा बसने वाशीला आले, बरोबर बायको रखमावहिनी.

"साहेब, माजं घर खाडीत कसं गेलं?"

"साइनमुळे," साहेब कागदावरून मान वर न करता म्हणाले. "तुमची साइन मायनस आहे."

"माजी साइन? मी कुठंच साइन केली नाय! मना साइन येतच नाय, मी अंगठा देतो!"

झालं, रखमावहिनींनी पदर खोचला. "कोनाला अंगठा देऊन आलाव? खरं सांगा! पिऊन दिलाव का?"

"अगो, शपथ घेऊन सांगतो!"

"साइन म्हणजे सही नव्हे हो," मी मध्ये पडलो, पण ऐकतंय कोण. वहिनी नवऱ्याला, नवरा साहेबांना आणि साहेब शिपायाला ओरडत होते. शेवटी साहेबांनी टेबलावर हात आपटला. "मशीन खोटं बोलतं का? दुबईचं मशीन आहे!" दुबई काही दादांनी पाहिली नव्हती. वहिनी पुढचे चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी राखलेलं घर एका साइनने जाणार होतं, आणि ती साइन नवऱ्याने कुठे केली ते त्यांना कळत नव्हतं.

रविवारी दादा माझ्या खोलीवर आले आणि मला धरूनच दगडापाशी घेऊन गेले. दगडाजवळ खुंटी ठोकली, दहा हात दोरी ताणून जमिनीवर गोल काढला. आमची रेषा चुन्याने आखलेलीच होती. तिथून त्यांनी गोलाच्या काठाने दोरी अंथरत नेली, जिथून खुंटी आणि घराचा कोपरा एका ओळीत दिसत होते तिथवर.

"बघ. किती झाली?"

"अर्धी दोरी," मी म्हटलं.

"आता हितनं रेषेवर सरळ खाली उतर." त्यांनी तेही दोरीनेच मोजलं. "अर्धीला जरा कमी. काठानं वाकडं चाललो तं अर्धी, सरळ उतरलो तं जरा कमी. घर दोनशेवर ना? मंग दोनशेची एक दोरी धर. अर्धी म्हंजे शंभर. जरा कमी म्हंजे शंभराला चारेक कमी. आनि देवळाच्या अंगाला! यात खाडी कुटं आली, सांग मना!"

सोमवारी साहेब मीटिंगला गेल्यावर मी ड्रॉवर उघडला, रुमाल सोडला. मशीन रेडीच होतं. सहज म्हणून दादांचा आकडा दाबला, अर्धी. शून्य दशांश पाच, साइन. उत्तर आलं शून्य दशांश चारशे एकोणऐंशी. दोनशेने गुणलं, शहाण्णव मीटर. शंभराला चार कमी. ते दुबईचं मशीन दोरीची भाषा बोलत होतं हो! नोकरीत दोन वर्षं बंद पडलेल्या आमच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला की रॅड म्हणजे रेडी नव्हे, रेडियन. साहेब अंश घालत होते आणि मशीन त्यांना दोऱ्या समजत होतं. एकोणतीस दोऱ्या म्हणजे विहिरीला साडेचार फेरे मारून वर आणखी थोडं, घर पलीकडे नाही जाणार तर काय! बटण डेगवर, म्हणजे डिग्रीवर, सरकवलं, एकोणतीस घातले. सत्त्याण्णव मीटर, देवळाच्या बाजूला. आमच्या दुर्बिणीत आणि दादांच्या दोरीत एका मीटरचा फरक.

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा साहेबांना तोंडावर सांगितलं. साहेब आधी लाल झाले, मग पांढरे. उठून दार लावलं. "हळू बोल. नकाशा वर गेलाय, माझ्या सहीने गेलाय."

"पण साहेब, घर आहे माणसाचं."

"घर राहील की. मी काय राक्षस आहे?" ते पाणी प्यायले. "फक्त ऑफिसची चूक असं लिहिता येत नाही. अर्जदाराने चुकीचं माप दिलं, असं लिहून दिलं तर दुरुस्ती होते. लिही, मी सांगतो."

मी म्हणू शकलो असतो, लिहीत नाही. म्हणालो नाही. साहेब सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. मी पोपट मढवी, धंदा विहीर बांधणे, मोजणीचे वेळी माझे दोरीने चुकीचे माप सांगितले, त्यामुळे हद्द चुकली. माझे माप भरवशाचे नाही हे मला मान्य आहे. सबब हद्द दुरुस्त करावी.

दादांना बोलावणं गेलं तेव्हा नोटिशीचे तीन दिवस उरले होते. दोघंही आले. मी कागद वाचून दाखवला. "भरवशाचे नाही" एवढं मी भराभर वाचलं आणि पुढे गेलो.

दादांचा तो चार घरांना ऐकू जाणारा आवाज कुठे गेला कोण जाणे. "म्हंजे माजी दोरी चुकली?" त्यांनी मला विचारलं, साहेबांना नाही.

"तसं लिहायचं असतं दादा. कागदापुरतं."

"कागद ऱ्हातो रं."

"नका लावू अंगठा," रखमावहिनी म्हणाल्या. "जाऊ दे घर. बघू कुटंतरी."

दादा त्यांच्याकडे वळले. इतके दिवस पिऊन अंगठा दिलात म्हणून भांडणारी बाई आता अंगठा देऊ नका म्हणत होती. साहेब घड्याळ बघत होते. मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की तो कागद फाडावा असं मनात आलं. हात टेबलावरच राहिले.

"घर ऱ्हातं ना पन? पक्कं?" दादांनी विचारलं.

"पक्कं," साहेब म्हणाले आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं.

दादांनी अंगठा दाबला. एकदा फिका उठला म्हणून साहेबांनी पुन्हा लावायला सांगितला, तर पुन्हा लावला. मग कागद उचलून त्यांनी डोळ्यांजवळ नेला. वाचता येत नव्हतं, तरी एकेका ओळीवरून सावकाश बोट फिरवलं, आणि कागद माझ्यापुढे ठेवला.

"अक्षर मातर गोल हाय तुजं, भगवान," ते म्हणाले, आणि रखमावहिनींच्या मागून जिना उतरून गेले.